सरीत भिजली मिरची बाई

जुलै लागला की माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे. सिल्लोड तालुक्यात हिरवी मिरची उन्हाळ्यातच लावतात, ठिबकवर जगवतात आणि पावसाला सुरुवात झाली की तोडणी जोर धरते. मी हजेरीला नाव पुकारायचे आणि मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "तोडनीला गेली, बाई." जी मुलं आलेली असायची, त्यातल्या अर्ध्यांच्या बोटांची आग होत असायची. तोडणीहून थेट शाळेत आलेली पोरं डोळ्यांना हात लावायची नाहीत. खडू मागितला तर चिमटीत धरून द्यायची. आणि अशा वर्गाला मी शार्दूलविक्रीडित शिकवायचे. म, स, ज, स, त, त, ग. एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती. म्हणा.

ती म्हणायची. गोष्ट खरी सांगायची तर फार छान म्हणायची.

1993 साली मी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला लागले आणि 2024 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. सिल्लोडच्या स्टँडवरून सकाळची एसटी, ती चुकली तर काळीपिवळी. मराठीबरोबर शाळेची प्रार्थना आणि स्नेहसंमेलनातली गाणी माझ्याकडे आपोआप आली, कारण मला पेटी वाजवता यायची. माझं सगळं शिक्षण औरंगाबादचं, म्हणजे आताच्या संभाजीनगरचं. गांधर्व मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या. आरोह-अवरोह, वादी-संवादी, दहा थाट हे सगळं मी आधी पाठ केलं आणि राग पुष्कळ नंतर ऐकले. भूप म्हणजे मध्यम-निषाद वर्ज्य, हे मला सांगता यायचं तेव्हा भूप माझ्या कानावरून कितीदा गेला असेल, तर शिकवणीतली छोटी बंदिश तेवढी. वृत्तांचंही तसंच झालं. गणांची सूत्रं आधी आली आणि कविता त्यांच्या मागून.

मला वाटायचं, शास्त्र असंच शिकायचं असतं, हीच परंपरा. ही परंपरा किती नवी आहे, याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते 1901 साली. गुरूच्या घरातून गाणं बाहेर काढून त्याला वर्ग, इयत्ता आणि परीक्षा देणं हीच त्या काळातली बंडखोरी होती. भातखंड्यांनी दहा थाटांत राग बसवले, तेही त्याच सुमाराचं. त्या माणसांनी मोडलेल्या वाटेला मी अनादी समजून बसले होते आणि तीच वाट मिरचीने बोटं भाजलेल्या मुलांना दाखवत होते.

एक प्रसंग सांगायलाच हवा. 1998 च्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. नववीतला एक मुलगा आला आणि बाकावर ठेका धरून त्याने वामनदादा कर्डकांचं गाणं म्हटलं. आवाज वरच्या पट्टीत सहज खेळणारा. ठेका असा की माझा पाय आपसूक हलला. गाणं संपल्यावर मी म्हणाले, "हे संमेलनात नको. एखादं रागदारीवरचं घे, मी बसवून देते." तो माझ्या पेटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, बाई." पुढे तो तालमीला आला नाही. दहावी होईपर्यंत शाळेत पुन्हा गायला नाही.

अडचण रागाची नव्हती हे त्याला तेव्हाच कळलं असणार. मला कळायला आठ वर्षं लागली. वामनदादा 1922 सालचे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळखही त्यांना मोठेपणी झाली आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत एक अख्खी परंपरा त्या मुलाच्या ठेक्यात होती. तिचे उस्ताद होते, तिची घराणी होती, तिच्यात रियाजही होता. माझ्या अभ्यासक्रमात तिचं नाव नव्हतं एवढंच. बाबासाहेबांनी 1950 साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्या शहरातून पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' निघत होतं, त्याच शहरात मी शिकले होते. तरी माझ्या तोंडून हे वाक्य गेलं. तो मुलगा आज कुठे आहे मला ठाऊक नाही. भेटला तर माफी मागायची आहे, आणि त्याने ऐकवलं तर ते गाणं पूर्ण ऐकायचं आहे.

मध्यंतरी कुमार गंधर्वांच्या माळव्यातल्या लोकधुनांची कॅसेट हाती लागली. कुमारजी क्षयाने आजारी होऊन 1948 पासून देवासला राहिले. गाणं बंद, अंथरुणाला खिळलेले. खिडकीबाहेरून बायकांची गाणी कानावर यायची. बरे झाल्यावर त्यांनी त्या धुना गोळा केल्या, लिहून काढल्या. त्यांतून त्यांना नवे राग दिसले, त्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं. चार-पाच सुरांच्या लहानशा धुनेत रागाचं बी असतं, राग तिथून उगवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर परंपरा सोडल्याचा आरोप झाला. मला मात्र ती कॅसेट ऐकताना वाटलं, हा माणूस परंपरेच्या उगमाकडे चालत गेला आहे. मी उलट दिशेने चालत होते. माझ्याकडे राग होता आणि धुन नव्हती.

2006 मध्ये मी शिकवण्याचा क्रम मोडला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा नुकताच आला होता. मुलाच्या शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 पासून सृजन आनंद विद्यालयात हेच करून दाखवलं होतं. त्यांचं लेखन मी वाचलं होतं, पण ते कोल्हापूर, आपण सिल्लोड, असं म्हणून कपाटात ठेवलं होतं. त्या वर्षी आठवीला मी गृहपाठ दिला: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरची एक ओवी आणा. वहीत लिहून आणा आणि तिच्यासारखी म्हणूनही दाखवा.

पहिल्या आठवड्यात दोन आल्या. दिवाळीपर्यंत दोनशेवर गेल्या. एकदा तर एक मुलगी आजीलाच घेऊन आली. आजी पायरीवर बसून राहिली, वर्गात येईना. शेवटी आम्हीच व्हरांड्यात सतरंजी घातली. ती म्हणायला लागली आणि मी सवयीने पेटीवर तिचा सूर शोधू लागले. सा सापडला. रे सापडला. तिसरा सूर मात्र दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. शुद्ध गंधार दाबला तर तो चढा लागायचा, कोमल दाबला तर उतरा. आजी थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमची पेटी आडवी येती." मी भाता बंद केला. तेरा वर्षांत त्या शाळेत पहिल्यांदा मी पेटी मिटून गाणं ऐकलं.

त्यानंतर मी वृत्तं शिकवणं जवळजवळ बंद केलं. परीक्षेपुरती दोन ओळखायला लावायची, गण पाडून घ्यायचे, बाकी रजा. ओव्या, भारुडं, वामनदादा, शेजारच्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे महानोर. 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 चा. कॉलेज अर्धवट सोडून शेती करणारा माणूस आपल्याच डोंगराच्या कुशीत बसून मराठी कवितेची भाषा बदलतो, हे मुलांना खरं वाटत नसे. अजिंठ्याच्या घाटापलीकडे जळगावजवळ आसोद्याच्या बहिणाबाई. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने टिपून ठेवलेली त्यांची गाणी 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकात आली. वर्ग भरू लागला. पोरं हात वर करू लागली. एका तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला की व्याकरणाकडे दुर्लक्ष दिसते. मला तो शेरा अन्यायाचा वाटला, आणि मी माझ्या बाजूने भांडलेही.

2012 च्या ऑगस्टात दहावीतल्या एका मुलीने मला निरुत्तर केलं.

ती स्वतः तोडणीला जाणारी. तिने एक गाणं लिहिलं होतं आणि चालही लावली होती. मला म्हणाली, "बाई, ह्याच्यात एका जागी पाय अडकतोय. का ते कळंना." तिच्या गाण्यातल्या या दोन ओळी आहेत. तिला विचारून इथे देते आहे:

हिरवी मिरची भरली गोणी
सरीत भिजली मिरची बघ

पहिली ओळ तिने म्हटली, झुळझुळीत गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी खरोखरच ठेच लागत होती. ती म्हणाली, "मी अक्षरं मोजली, बाई. हिच्यात अकरा, तिच्यातबी अकरा. ओवी-अभंगात अक्षरंच मोजायची, तुम्हीच सांगितलं. मग अडतंय कशाला?"

उत्तर मला येत होतं, तिला मात्र ते समजण्यासारखं काहीच मी शिकवलं नव्हतं. तिचं गाणं अभंग नव्हतं. नकळत ते मात्रांच्या चालीवर गेलं होतं, आठ आणि आठ. तिथे अक्षरं सारखी असून भागत नाही. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. 'हिरवी मिरची' आठ, 'भरली गोणी' आठ. 'सरीत भिजली' आठ. 'मिरची बघ' मात्र सहाच. शेवटचा 'घ' ओढून गुरु धरला तरी सातच. ही एवढी गोष्ट सांगायला लघु-गुरु हे दोन शब्द लागतात, आणि सहा वर्षं मी ते शब्द परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकत आले होते. मी तिच्या हातून पाठांतराचं ओझं काढून घेतलं, त्याबरोबर फूटपट्टीही काढून घेतली होती.

मी फळ्यावर मात्रा मांडायला लागले. ती लक्ष देऊन बघत राहिली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत आली. "आजीला म्हणून दाखवलं. आजी म्हनली, बघ काय बघ? बाई म्हण."

सरीत भिजली मिरची बाई. 'बघ' दोन अक्षरांचा, 'बाई' दोन अक्षरांचा. पण 'बघ'च्या दोन मात्रा आणि 'बाई'च्या चार. चार आणि चार आठ. ओळ जाग्यावर बसली. आजीला मात्रा हा शब्द माहीत नाही. जात्याच्या फेऱ्यात सूर कमी पडला की बायका 'बाई' घालतात, ही तिची आयुष्यभराची सवय. मग मी पुन्हा फळ्यावर तीच मांडणी केली, तेच आकडे, त्याच खुणा. या वेळी तिचे डोळे चमकले. "म्हंजी आजीनं जे भरलं ते दोन मात्रा व्हय?"

त्या दिवशी घरी येऊन मी माधव जूलियनांचं 'छंदोरचना' कपाटातून काढलं. माझी प्रत कॉलेजच्या काळातली, पानं सुटलेली. परीक्षेसाठी वाचलेलं पुस्तक मी पहिल्यांदा उत्सुकतेने वाचलं. मर्ढेकर आठवले. 1947 च्या 'काही कविता'ने मराठी कविता उलथीपालथी केली, खटलाही अंगावर आला. पण त्यातल्या किती कविता ओवी-अभंगाच्या सांगाड्यात आहेत! विद्यापीठात आम्हाला मर्ढेकर शिकवले गेले ते परंपरा मोडणारे म्हणून. ती मोडताना त्यांनी जी हत्यारं वापरली ती तुकोबांच्या घरची होती, हे मला आमच्या गावातल्या एका आजीमुळे नीट कळलं.

पुढच्या जूनपासून मी वृत्तं पुन्हा शिकवायला घेतली, पण सूत्राने सुरुवात करायची नाही असं ठरवून. आठवीच्या वर्गात मी म्हणाले, आपापल्या गावाचं नाव बाकावर वाजवा. लघु अक्षराला बोट, गुरूला तळवा. अजिंठा: बोट, तळवा, तळवा. भराडी: बोट, तळवा, तळवा. भराडीचा एक मुलगा उठून म्हणाला, "आमचं अन् अजिंठ्याचं एकच हाय की, बाई!" मी म्हटलं, आता अजिंठा चार वेळा म्हणा, न थांबता. सगळा वर्ग बाक बडवत म्हणू लागला: अजिंठा अजिंठा अजिंठा अजिंठा. मी सांगितलं, याला भुजंगप्रयात म्हणतात. चार य गण. रामदासांनी मनाचे श्लोक याच चालीत रचले. पोरं गप्प झाली आणि मग एकदम कालवा सुरू झाला, प्रत्येकाला आपल्या गावाचा गण पाहिजे होता.

अंधारी तीनही तळवे, म्हणजे म गण. सिल्लोड, पालोद, निल्लोड तिघंही त गणाची. 'सि' ऱ्हस्व असूनही पुढच्या जोडाक्षराचा भार येऊन गुरु होतो, हे सिल्लोडने एका झटक्यात शिकवलं, जे मला पूर्वी तीन तास सांगून जमत नसे. अंभई र गण. शिवना स गण, आणि मिरचीही स गणच, यावर फार आनंद झाला. भ गणाला कन्नड, न गणाला नगर. राहिला ज गण: बोट, तळवा, बोट. आसपास गावच मिळेना. गोळेगाव नाही, उंडणगाव नाही, घाटनांद्रा नाही. शेवटी एकीने आपल्या मावशीचं मुखेड आणलं, पार नांदेडातून. गावं आणि गण यांचा तक्ता आम्ही केला होता, त्यात ते लिहिलं, पण पोरांना ते पटलं नव्हतं. आपल्या भागाची ती एक जागा रिकामी आहे असंच ती म्हणत राहिली.

हा तक्ता शाळेच्या भिंतीवर होता. एकदा एका प्रशिक्षणासाठी सिल्लोडच्या उर्दू शाळेतले एक गुरुजी आमच्याकडे आले. त्यांनी तक्ता वाचला, 'अजिंठा' चारदा पुटपुटले आणि म्हणाले, "मॅडम, हे तर आमचं फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. बहर-ए-मुतकारिब. फिरदौसीचं शाहनामा याच बहरमध्ये चालतं, फक्त शेवटचा तुकडा जरा कापलेला." आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला ठेवून बाकावर ठेका धरत बसलो. वली आणि सिराज हे उर्दूचे थोर शायर आपल्या औरंगाबादशी जोडलेले. वलीने फारसीऐवजी दखनी बोलीत गझल लिहिली तेव्हा दिल्लीकरांना नवल वाटलं होतं, हे त्यांनी मला सांगितलं. सिल्लोडसारख्या गावात मराठी शाळा आणि उर्दू शाळा यांच्यामध्ये एक भिंत असते, कधीकधी तर खरोखरची. दोन्हीकडची मुलं एकाच ठेक्यावर वेगवेगळ्या पुस्तकांतून कविता पाठ करत होती आणि इतकी वर्षं आम्हा शिक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोन्ही शाळांतली मुलं एकत्र बसवून बाक बडवण्याचा तास घेतला. पुढे गुरुजींची बदली झाली आणि तो तास बंद पडला. मला तो चालू ठेवता आला असता, मी जोर लावला नाही, याचं वाईट वाटतं.

3 ऑगस्ट 2023 ला महानोर गेल्याची बातमी आली. माझं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. त्या दिवशी मी कुणाला भाषण करायला लावलं नाही. 'जैत रे जैत'मधली त्यांची गाणी मुलांना येत होती. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली कठीण, पण पोरांनी त्या आपल्या आवाजात उतरवल्या, पेटीशिवाय. पाऊस चालू होता. अर्धा वर्ग तोडणीला गेलेला होता, नेहमीसारखाच.

निरोपाच्या दिवशी मुलांनी भिंतीवरचा तो तक्ता काढून मला दिला. कोपरे फाटलेले, मुखेडच्या समोर कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे तो आता लावलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोनवर निरोप आला. मिरचीची ओळ लिहिणारी ती मुलगी. आता तिची स्वतःची लेक बालवाडीत आहे. संभाजीनगरहून सिल्लोडला येताना एसटीत बसली होती, फुलंब्रीच्या पुढे एका पाटीकडे तिचं लक्ष गेलं. निरोप मराठीतच होता, घाईत लिहिलेला.

"बाई, वडोद. वडोद बाजार. बोट, तळवा, बोट. तालुका शेजारचा आहे पण चालेल ना?"

मी उठून मुखेडच्या शेजारी वडोद लिहिलं.